माझ्या नावावरचा हार्वेस्टर

माझी एकूण शेती म्हणजे गच्चीवर डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस आणि दारातलं कढीपत्त्याचं एक झाड. झाडाचा पालासुद्धा शेजारचेच जास्त नेतात. असं असताना माझ्या नावावर पीक कापायचा एक अख्खा हार्वेस्टर कसा आला, हे मी पोलिसांपुढं, आमच्या कार्यालयात आणि गल्लीत निरनिराळ्या शब्दांत सांगून पाहिलं आहे. तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यांनी मान हलवली आणि तिन्ही ठिकाणी कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणून आता सगळं सरळ सांगून टाकतो.

मी लातूरला वजनमापे कार्यालयात वरिष्ठ लिपिक. माझा मेहुणा मल्लप्पा जळकोटला शेती करतो. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती तेव्हाची गोष्ट. शेतात सगळीकडे सोयाबीन आणि शहरात सगळीकडे कोचिंग क्लास, असं आमच्या जिल्ह्याचं त्या वेळी चाललं होतं. मल्लप्पानं हिशेब केला की पंजाबातून मशिनी येतात, आपल्या लोकांचं सोयाबीन कापून देतात आणि परत जातात. मग आपणच एक मशीन घेतली तर? नांदेडच्या एका सरदारजींकडून त्यानं जुना हार्वेस्टर ठरवला. इथवर माझा काही संबंध नव्हता.

संबंध आला तो साडेसातीमुळे. मल्लप्पाला साडेसाती सुरू होती आणि जंगमस्वामींनी त्याला बजावलं होतं की या काळात लोखंड नावावर घ्यायचं नाही. मल्लप्पानं विचारलं, "दाजींच्या नावावर घेतलं तर?" स्वामींनी दाजींची रास विचारली. महानंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती फोनवर तत्परतेनं सांगितली. स्वामी म्हणाले, चालेल. माझी रास कुणाच्या उपयोगी पडल्याचं आयुष्यातलं ते पहिलंच उदाहरण.

"नुसती सही करायची हाय दाजी," मल्लप्पा म्हणाला. "बाकी मशीनकडं तुम्ही बघूबी नका."

मी सही केली. सरकारी नोकराला जंगम मालमत्ता घेतली तर कार्यालयाला कळवावी लागते. पण जंगमस्वामींच्या सल्ल्यानं आलेली जंगम मालमत्ता कुठल्या रकान्यात लिहायची, हे काही मला सुचलं नाही. मी ते काम पुढच्या सोमवारवर टाकलं. मग त्याच्या पुढच्या.

नोंदणी बदलण्यासाठी मशीन लातूरला आणावी लागली. एका रविवारी नांदेडहून ती आली आणि आमच्या गल्लीच्या आतल्या, बंद टोकाला एक मोकळा प्लॉट होता, तिथं उभी राहिली. या मशीनच्या पुढं पीक कापायचा एक आडवा लांबलचक जबडा असतो. त्याला कटर म्हणतात. रस्त्यानं नेताना तो सोडवून मागं ट्रॉलीवर ठेवतात, नाहीतर मशीन रस्त्याच्या दोन्ही कडांना दात लावत चालते. आली तेव्हा तशीच आली होती, कटर वेगळा, मशीन वेगळी. त्यामुळे सगळं फार सोपं वाटलं.

आमच्या समोर अजहर वकील राहतात. मोटार अपघाताच्या दाव्यांत त्यांचं नाव आहे. संध्याकाळी ते मशीन बघून आले आणि माझ्या ओट्यावर बसले.

"सिद्धलिंगप्पा, ही चालवणार कोण?"

"महेबूब म्हणून ड्रायव्हर आहे, उदगीरचा."

"आणि कमाई कुणाची?"

"मल्लप्पाची."

"बरं. रस्त्यात कुणाला लागलं, काही मोडलं, तर जवाब कुणी द्यायचा?"

"ज्यानं मोडलं त्यानं," मी म्हणालो. यात मला शंका वाटत नव्हती.

वकिलांनी बशीतला चहा संपवला. "न्हाई. कायद्याला ड्रायव्हर दिसतो, पण कायदा मनगट धरतो मालकाचं. मालक तुम्ही."

"पण विमा आहे की."

"विमा हाय. नियमानं चालली तर हाय. रुंद मशीन तशीच दामटली, तर कंपनी म्हणंल, आमाला काय ठाव. मग सगळं तुमच्यावर." त्यांनी मला चार कलमं सांगितली. त्यांचे आकडे मी विसरलो, पण प्रत्येक कलमाच्या शेवटी 'मालक' हा शब्द होता, एवढं लक्षात आहे. "पुढं लाल झेंडा, मागं लाल दिवा आणि पुढं चालणारा एक माणूस ठेवा. आन् परवानगी काढा."

परवानगी काढायला मी दोन अर्ध्या रजा घातल्या. आरटीओत सांगितलं की नोंदणी आमची, वाहतुकीचं वाहतूक शाखेला विचारा. वाहतूक शाखेतल्या साहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अशी परवानगी काही नसते. पण परवानगीशिवाय नेऊ नका." बांधकाम खात्यात कळलं की गावाबाहेरचा रस्ता त्यांचा, गल्ली मात्र नगरपालिकेची. नगरपालिकेतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गल्लीत हार्वेस्टर आणला कशाला?" सगळ्या कार्यालयांत मिळून विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न होता.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं गेलो. आमच्या कार्यालयात शिक्का मारलेली पोलादी टेप असते. ती घेऊन मी रविवारी सकाळी गल्ली मोजली. नुसती मशीन तर आरामात जाईलच, पण कटर लावलेला असला तरी दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरेल, असं मोजमाप निघालं. मी ते मल्लप्पाला सांगितलं, कारण मोजमाप अचूक आलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. तिथंच चूक झाली. एक म्हणजे मल्लप्पानं ते लक्षात ठेवलं. दुसरं म्हणजे मी गल्ली मोजली रविवारी. आमची गल्ली रविवारी एक असते आणि सोमवारी दुसरी.

याचं कारण बिराजदार सर. गल्लीच्या मध्यावर त्यांच्या गणिताच्या क्लासची तीन मजली इमारत आहे. निकालाच्या दिवसांत तिच्यावर मुलांचे फोटो इतके लागतात की खिडक्या दिसत नाहीत. सकाळी सातच्या बॅचला जिल्ह्याभरातून पोरं येतात आणि सायकली गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींत घुसवून लावतात. क्लासच्या समोर चतुराबाईंची खाणावळ. चतुराबाई भूकंपाकडच्या. तिकडून लातूरला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक पातेलं होतं म्हणतात. आता चाळीसेक पोरं त्यांच्याकडे जेवतात. खाणावळीपुढं त्यांनी पत्र्याचं शेड काढलं होतं, त्याखाली पोरं पाटावर बसत. कमी बोलणारी बाई. पोळी वाढताना नाव घेऊन वाढायची.

नोंदणी झाली. मल्लप्पा जळकोटहून आला. सोयाबीन तयार झालं होतं. दोन कडक उन्हं पडली की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. त्यानं गावातल्या बऱ्याच जणांना शब्द दिला होता. त्यातले काहीजण म्हणत होते की मल्लप्पा मशीन आणणार म्हणजे अमावस्येला चांदणं पडणार. म्हणून तो घाईत होता. पण पूजा केल्याशिवाय मशीन हलवायची नाही हेही त्याचंच. आणि पूजा अख्ख्या मशीनची व्हायला पाहिजे, बिनजबड्याच्या नाही. महेबूबनं आदल्या दिवशी प्लॉटवर कटर जोडला. ट्रॉलीवाल्यानं पाहिलं की ट्रॉली मोकळी झाली. हंगामाचे दिवस. तो ट्रॉली घेऊन दुसऱ्याच्या भाड्यावर निघून गेला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. तुम्हीच म्हणाला व्हता, कटर लावून बी वीतभर जागा ऱ्हाती."

"म्हणालो होतो. पण वकील म्हणतात..."

"पहाटं पहाटं काढू दाजी. गाव झोपेत असतंय. गल्लीतून भाईर पडलं की नाक्याजवळ कटर काढून ठिवतो, दुसरी ट्रॉली बघतो. गल्लीपुरतं तर हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण महानंदा आतून म्हणाली, "माझ्या भावाचं एकच तर काम आहे." हे वाक्य ती वर्षातून पुष्कळदा म्हणते आणि प्रत्येक वेळी काम एकच असतं.

पहाटे निघायचं ठरलं होतं. स्वामी उजाडल्यावर आले. त्यांनी मशीनला भस्म लावलं, नारळ फुटला. महेबूबनं किल्ली फिरवली तर बॅटरी उतरलेली. दुसरी बॅटरी शोधून लावेपर्यंत गल्लीतल्या दुधाच्या पिशव्या उचलल्या गेल्या होत्या. वकिलांच्या सल्ल्याप्रमाणे पुढं लाल झेंडा हवा होता. महानंदानं ओटीतला लाल खण दिला, तो मी काठीला बांधला आणि स्कूटरवर पुढं निघालो. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एक चालायची ढब येते. लाल खण धरून एका हातानं स्कूटर चालवताना ती ढब टिकत नाही. कोपऱ्यावरच्या एका म्हातारीनं मला हात जोडले. कोणत्या देवाची पालखी म्हणून जोडले ते कळलं नाही.

मशीन गल्लीत शिरली तेव्हा सातची बॅच नुकतीच बसली होती आणि सायकली लागल्या होत्या. माझी वीतभर जागा दोन्ही बाजूंनी सायकलींनी खाल्ली होती. मी हात वर करून महेबूबला थांब म्हणालो. त्याला वाटलं मी या म्हणतोय, त्यानं गती वाढवली. त्या मशीनचा सायलेन्सर फुटलेला होता. आवाज इतका होता की माझा मलाच ऐकू येत नव्हता. दोन्ही बाजूंच्या भिंतींत तो आवाज कोंडला आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. खिडक्यांची तावदानं वाजली. आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजल्याचं महानंदानं नंतर सांगितलं.

आमच्या गावात भूकंपापासून एक सवय लागली आहे. भांडं वाजलं की माणूस आधी उठतो, विचार बाहेर आल्यावर करतो. एका क्षणात सगळी दारं उघडली. बिराजदार सरांच्या तिन्ही मजल्यांवरून पोरं जिन्यानं धडधडत खाली आली, चपला तिथंच टाकून. वकील लुंगीवर आले. सर स्वतः हातात खडू घेऊन आले. बाहेर यायची जागा एकच होती, ती म्हणजे गल्ली, आणि गल्लीत आम्ही होतो. महेबूबला समोर अचानक शे-दीडशे पोरं दिसली. त्यानं चाक डावीकडं कापलं. कटर चतुराबाईंच्या शेडला लागला. शेड एका बाजूनं सावकाश खाली बसलं, म्हातारा माणूस भिंतीला धरून बसतो तसं. मग महेबूबनं इंजिन बंद केलं.

पोरं आकाशाकडं, इमारतीकडं बघत उभी होती. कुणी हसलं नाही. एक पोरगी रडत होती आणि दुसरीनं तिचा हात धरला होता. सगळ्यांना कळलं होतं की हा भूकंप नाही, पण अंगाला कळायला वेळ लागत होता.

चतुराबाई रस्त्यात आल्या होत्या. शेडकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या पोरांमधून फिरत एकेकाच्या खांद्याला हात लावत होत्या. नावं घेत होत्या. त्यांच्याकडे जेवणारी सगळी पोरं सापडली तेव्हा त्या खाली बसल्या. भुईवरच.

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. मशीन मागंही जाईना आणि पुढंही. सायकली चाकाखाली आल्या नव्हत्या, पण पाच-सहा वाकल्या होत्या. कुणी म्हणालं मशीनचे चार तुकडे करा, कुणी म्हणालं क्रेन आणा. निवृत्त पोस्टमास्तर गल्लीत नवीन राहायला आले होते, त्यांनी मला विचारलं की सोयाबीन कुठं पेरलंय. बिराजदार सर फार गंभीर होते. "आज माझा सराव पेपर होता," ते म्हणाले. "पेपर बाहेर आला. पोरं उत्तरं एकमेकांना विचारायलीत. याची भरपाई कोण देणार?" मी त्या वेळी स्कूटरच्या शेजारी लाल खण धरून उभा होतो. तो कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं.

हवालदार आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मशीन कुणाची?"

मल्लप्पा खोटं बोलणारा माणूस नाही. "दाजींची," तो म्हणाला. "कागद बघा साहेब."

हवालदारांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही काय करता?"

"वजनमापे कार्यालयात वरिष्ठ लिपिक."

"आणि जोडधंदा हार्वेस्टर." ते लिहायला लागले. गुन्हा नोंदला तर कार्यालयाला जाणार, कार्यालय विचारणार की मशीन कधी घेतली, कळवलं का नाही. मला माझे ते सगळे पुढे ढकललेले सोमवार एका रांगेत दिसले. आमच्या कार्यालयात एका शिपायाला यापेक्षा कमी गोष्टीवरून घरी बसवलं होतं, तेही निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना.

अजहर वकील लुंगी सावरून पुढं आले. "हवालदारसाहेब, लिहा, जरूर लिहा. पण एक मुद्दा. शेड रस्त्यावर व्हतं का रस्त्याच्या भाईर?"

"म्हणजे?"

"रस्ता मोजा. शेड रस्त्यावर असंल तर मशीननं शेडला धडक दिली का शेड मशीनच्या वाटेत आलं, हा वादाचा मुद्दा हाय."

हवालदारांना ते पटलं. "मोजायला टेप आणा कुणीतरी."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिक्क्याची टेप माझ्याच घरी होती, सोमवारी कार्यालयात परत न्यायची राहून गेली होती म्हणून. मी ती आणली. मोजायला एक टोक कुठं धरायचं, यावर थोडा विचार झाला. नगरपालिकेच्या नकाशाप्रमाणे रस्ता कुठून सुरू होतो हे वकिलांना ठाऊक होतं. ते म्हणाले, समोरच्या विजेच्या खांबापासून. मग त्या खांबापासून बघितल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागली. चतुराबाईंचं शेड रस्त्यात होतं, हे खरं. त्याचबरोबर बिराजदार सरांच्या क्लासच्या पायऱ्या आणि पाण्याची टाकीही रस्त्यात होती. वकिलांचा गाडी लावायचा ओटा रस्त्यात होता. माझा ओटा, ज्यावर बसून वकिलांनी मला कायदा सांगितला होता, तो तर पुरताच रस्त्यात होता. कढीपत्त्याचं झाडसुद्धा.

मी टेप हळूहळू गुंडाळली. बिराजदार सर म्हणाले, "खरं तर मोजायची काही गरज नाही. आपण सगळे शेजारीच आहोत." वकील म्हणाले, मुद्दा तसा गौण आहे. पोस्टमास्तरांनी आपल्या जिन्याकडं एकदा पाहिलं आणि तेही म्हणाले, गौणच आहे. गल्लीत इतकं एकमत मी त्याआधी फक्त नळाला पाणी न आलेल्या दिवशी पाहिलं होतं. वाकलेल्या सायकली सरळ करून द्यायच्या, हे मल्लप्पानं लगेच कबूल केलं.

हवालदारांनी पेन खिशाला लावलं नाही. ते म्हणाले, "तुमचं मिटलं. पण नुकसान बाईचं झालंय. बाईची तक्रार असंल तर मला लिहावंच लागंल. बोला बाई."

चतुराबाई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मीही. माझी नोकरी त्या वेळी त्या बाईच्या तोंडात होती.

"पत्रे काय, बसवता येतेत," त्या म्हणाल्या. "ते हे बसवून देतील." हे म्हणजे मल्लप्पा. मल्लप्पानं जोरात मान हलवली. "माझी तक्रार पत्र्याची न्हाई."

"मग?"

त्या माझ्याकडं वळल्या. "आवाज केलात तुम्ही. न सांगता."

मी हातातली टेप पाठीमागं धरली.

"लेकरं जिन्यानं पडली असती. माझं काय, मी अशीबी पळते, तशीबी पळते. मशीन न्यायची तर न्या. पण आवाज बंद करून न्या. आन् मालकानं पुढं जाऊन घराघरात सांगायचं, मशीन यायली, भिऊ नका म्हणून. ड्रायव्हरनं न्हाई, मालकानं."

हवालदारांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

वकील मला नंतर म्हणाले की कुठल्याच कलमात अशी जबाबदारी लिहिलेली नाही. म्हणून ती नाकारताही येत नाही.

दोन दिवस मशीन गल्लीत अडकून होती. महेबूबनं तिथंच कटर सोडवला, वेल्डरनं सायलेन्सर जोडला, मल्लप्पानं आणि मी पत्रे उचलून परत बसवले. म्हणजे मल्लप्पानं बसवले, मी खिळे दिले. ट्रॉली उदगीरहून आली. त्या दोन दिवसांत चतुराबाईंची पोरं आमच्या ओट्यावर जेवली. महानंदानं स्वतःहून वाढायला घेतलं आणि पहिल्या दिवशीच तिला कळलं की तिला एकाही पोराचं नाव माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती विचारून विचारून वाढत होती.

तिसऱ्या दिवशी निघालो. मी आधी गल्लीत दारोदार गेलो. "मशीन निघते आहे, भांडी वाजतील, भूकंप नाही." प्रत्येक दारात हे म्हणायचं. पहिल्या चार घरांत माझा आवाज कार्यालयीन होता, पाचव्या घरापासून तो नीट झाला. बिराजदार सरांनी बॅच सोडून दिली आणि पोरांना गच्चीवरून मशीन बघायला उभं केलं. या वेळी कुणी धावलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या मी स्कूटरवरून न बघता स्वीकारल्या.

बाईंची अट गल्लीपुरती होती का जळकोटपर्यंत होती, हे आम्ही विचारलं नव्हतं. मल्लप्पा म्हणाला गल्लीपुरती. मी म्हणालो, शब्द दिला तेव्हा गल्ली असं कुणी म्हणालं नव्हतं. मग मी प्रत्येक गावात पुढं जाऊन सांगत गेलो. एका गावात मला विचारलं, "पोलिओवाले का?" दुसऱ्या गावात, "कोणत्या पार्टीचे?" नळेगावच्या पुढं एका म्हाताऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मशीन डोळ्यांनी बघितली आणि म्हणाला, "एकराला काय घेता?" मी म्हणालो, मी सरकारी नोकर आहे. तो म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या, भाव सांगा." जळकोटला पोचेपर्यंत मी मल्लप्पाला बारा शेतकरी मिळवून दिले होते. मल्लप्पा म्हणाला की दाजींच्या राशीत धंदा आहे. ही गोष्ट मी कार्यालयात कुठंही सांगितलेली नाही. मालमत्तेची नोंद मात्र पुढच्याच सोमवारी करून टाकली. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत वाचला आणि सही केली. हार्वेस्टर म्हणजे धान्य मोजायचं काहीतरी यंत्र असावं, असा त्यांचा समज झाला असं मला वाटतं.

सोयाबीन वेळेवर निघालं. मल्लप्पाला हसणारे त्याच्या मशीनपुढं रांगेत उभे राहिले. हंगाम संपल्यावर मशीन हिमायतनगरकडं कामाला गेली. मी आपला कार्यालयात जायला लागलो. गल्लीत मात्र लोक मला आता वेगळ्या नजरेनं बघत. कुठं ट्रक खडखडला, बोअरची गाडी आली, कुणाच्या घरी फरशी घासायचं यंत्र लागलं, तरी लोक शांत बसत. "सिद्धलिंगप्पांचं असंल," म्हणत.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी घरी होतो. जेवण झालं होतं. मी खुर्चीत पेपर वाचत होतो आणि महानंदा शेंगा सोलत होती. मांडणीवरची भांडी वाजली. हलकीच. मग जमिनीतून एक गुरगुर आली आणि खुर्ची किंचित सरकली. महानंदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मल्लप्पा न सांगता आला वाटतं." मी म्हणालो, "सांगायची काही पद्धत आहे की नाही." आणि पेपरचं पान उलटलं. मशीन तिकडं नांदेड जिल्ह्यात आहे, हे सगळ्या लातुरात फक्त आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं.

फाटक वाजलं. चतुराबाई उभ्या होत्या. मागं रस्त्यात त्यांची पोरं ओळीनं उभी होती, काहींच्या हाताला अजून वरण होतं. बाकी गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"तुमची मशीन हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातल्या पेपरकडं पाहिलं. "मग आत काय करायलात?"

मी आणि महानंदा बाहेर आलो. धक्का लहान होता, तोवर थांबलाही होता. पण बाई तशाच उभ्या होत्या आणि पोरं तशीच उभी होती, तेव्हा मला पुढचं काम करणं भाग होतं. मी पुन्हा दारोदार गेलो. मशीन नाही, भूकंप आहे, बाहेर या, असं म्हणत. वकील पंख्याखाली झोपले होते, ते उठून म्हणाले, लेखी दिलंय का कुणी. पोस्टमास्तर लगेच आले. बिराजदार सरांच्या क्लासमध्ये फळ्यावर गणित अर्धं झालं होतं. सर खिडकीत आले आणि त्यांनी वरूनच विचारलं, "नक्की ना? मागच्या खेपेला माझा पेपर बुडाला होता."

"नक्की," मी म्हणालो. "या वेळी मालक मी नाही."

सरांनी क्षणभर विचार केला आणि पोरांना खाली पाठवलं.